हळदीचं पांढरं लुगडं

त्या वैशाखात आमची सगळी वस्ती पांढरी व्हायला निघाली होती. पुनवेला कळंबच्या अलीकडे, एका आमराईमागच्या मोकळ्या वावरात दीक्षेचा कार्यक्रम ठरला होता, आणि बाया-माणसं-लेकरं सगळ्यांनी पांढऱ्या कपड्यात यावं असा निरोप होता. आदल्या दसऱ्याला जे नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले होते ते ऐटीत हिंडत होते. त्यांचं पांढरं तयार होतं. आम्ही मागं राहिलेले. मागं राहिलेल्यांना बाजारात पांढरं कापड मिळेना, आणि मिळालं असतं तरी नवं घेण्याची हौस परवडणारी घरं आमच्यात नव्हतीच. मग काय, घरोघरी पेट्या उघडल्या आणि जुन्याचं नवं करणं सुरू झालं.

कोणी म्हाताऱ्याचं पागोटं सोडून त्यातून नातवंडांचे सदरे बेतले. कोणी वाकळ उसवली, तर तिच्या पोटातून पणजीच्या काळातलं लुगडं निघालं, आणि तेच नेमकं धड. कार्यक्रमाची सगळी धावपळ करणाऱ्या बाबारावांच्या बायकोनं, कोकिळाबाईनं, दाराचा पडदा काढून पोलकं शिवलं आणि बिनपडद्याच्या दारातून वस्तीभर ऐकू जाईल असं सांगत सुटली की असं कापड आता मिळत नाही. माझं पोलकं मैद्याच्या पोत्याचं. राखेच्या पाण्यात उकळलं, दगडावर आपटलं, पण पोत्यावरचा छाप काही हलेना. पाठीवर अर्धा वाघ राहिला तो राहिलाच. पदर पाठीवरून घ्यायचं ठरवून मी मोकळी झाले.

दुपारी वस्तीतून चाललं की कुंपणांवर, बाभळींवर, नाल्याच्या खडकांवर, जिकडं पाहावं तिकडं पांढरं वाळत पडलेलं. वारा नसायचा. कुत्री सावलीला जाऊन पडलेली. उन्हानं ती पांढरी कापडं अशी पेटायची की डोळे मिटले तरी आत पांढरंच दिसायचं. मी तेव्हा लग्नाच्या वयाची होते आणि मला काही काम नसलं की झोप यायची. पण त्या दिवसांत काम करतानाही मला झोपेत चालल्यासारखं वाटे. आपण उठू तेव्हा दुसऱ्याच गावात उठू, असं काहीतरी मनात येई. तसं ते खोटंही नव्हतं. पुनवेनंतर आम्ही दुसरेच होणार होतो, असं बाबाराव रोज सांगत होते.

आमच्या घरात आम्ही तिघी. माय, माझी वहिनी सत्यभामा आणि मी. माझा बाप मी रांगत होते तेव्हाच गेला. त्याचा चेहरा मला आठवत नाही आणि फोटो काढण्याइतके आम्ही मोठे लोक नव्हतो. माझा भाऊ देवराव, त्याला मी दादा म्हणे, लग्नानंतर काही वर्षांनी कापसाच्या जिनिंगच्या कामाला म्हणून हिंगणघाटला गेला आणि तिथून कुठं गेला ते कुणाला कळलं नाही. भांडून गेला नाही. "येतो" म्हणून, तंबाखूची डबी विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत येऊन, पुन्हा "येतो" म्हणून गेला. कुणी त्याला मुंबईला गिरणीत पाहिलं, कुणी बल्लारशाच्या खाणीत. पाहणारे पुष्कळ होते, आणणारा एकही नव्हता.

तेव्हापासून मायनं घर सोडलं नाही. बाजाराला नाही, लग्नाकार्याला नाही, पाण्यालासुद्धा नाही. देवराव आला आणि दाराला कडी दिसली तर उलट्या पावली जाईल, अशी तिची समजूत. नागपूरला आम्ही गेलो नाही ते यामुळं. वस्तीतले लोक म्हणाले, बुढीला देव सोडवत नाहीत. बाबाराव घरोघरचे देव गोळा करत दारात आले तेव्हा देव तर तिनं सगळ्यांच्या आधी त्यांच्या टोपलीत टाकले होते. तिला दार सोडवत नव्हतं.

दादाच्या लग्नात त्याला धोतरजोडी घेतली होती. धोतरजोडी म्हणजे एकाच लांब कापडाची दोन धोतरं, मधून फाडून नेसायची. त्यातलं एक तो नेसून गेला, दुसरं पेटीत राहिलं. माय ते अधूनमधून काढी, धुई, भाताच्या पेजेत बुडवून कडक करी, आणि अशी घडी घाली की उद्याच कुणी नेसणार आहे. माझं पोत्याचं सोडलं तर घरात पांढरं म्हणावं असं कापड तेवढंच. आणि मायच्या अंगावरचं. बाप गेल्यापासून माय पांढऱ्या लुगड्यात होती, कारण आमच्याकडं ज्या बाईचा नवरा गेला तिच्या अंगावर पांढरं यायचं आणि मग तिच्याबरोबरच जायचं.

सत्यभामा वहिनीनं विषय काढला तो भाकऱ्या करता करता.

"आत्याबाई, मी पुनवेले जाईन म्हनते."

"जा ना. तुले कोन अडवते?" माय म्हणाली.

"पांढरं लागते नेसाले."

मायचा तांदूळ निवडणारा हात थांबला. "कपाळाले कुकू, हातात चुडा, अन् पांढरं नेसतं?"

"सगळ्याच नेसून राह्यल्या. कोकिळाबाई बी."

"तिचा नवरा तिच्या बाजूले उभा रायते. तुह्या बाजूले कोन हाय? तू पांढऱ्यात दिसली का लोक म्हनतीन, देवराव गेला. अन् दहा तोंडं बोलली का खरं होते, बाई. या घरात म्या नेसलं ना पांढरं, तेवढं पुरे हाय."

वहिनीनं तव्यावरची भाकर उलटली. ती कधी भांडत नसे. सगळं ऐकून घेई आणि मग मनातलंच करी. अशा बाईशी वाद घालण्यापेक्षा बैलाशी घातलेला बरा. बैल निदान शिंग तरी हलवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आपली माहेरची ट्रंक उघडली आणि तळातून एक लुगडं काढलं. तिच्या लग्नातलं, हळदीचं. लग्नाच्या आदल्या दिवशी पांढरं कोरं लुगडं हळदीच्या पाण्यात बुडवून काढतात आणि नवरीला नेसवतात, तेच. तेवढ्यापुरतंच अंगाला लागलेलं, मग घडी घालून ठेवलेलं. तिनं ते उलगडलं तशी खोली पिवळी झाली. कुडाच्या फटीतून आलेलं ऊन त्यावर पडलं, ते भिंतीवर उडालं, तिच्या गालावर आलं. जुन्या हळदीचा वास सुटला. क्षणभर मला सनई ऐकू आली. खरंच आली, मी दाराकडं पाहिलंसुद्धा. घड्यांवर मात्र ते विरलं होतं. बोट लावलं की आरपार दिसत होतं.

"हे कायले काढलं वं वहिनी?"

"हे मुळातलं पांढरंच व्हय, नलू." ती घडी हातानं सपाट करत म्हणाली. "तुह्याच घरच्याहीनं हळदीत बुडवलं. हळद काढली का झालं. पेटीतल्या धोतराले हात लावा लागत नाही अन् बाहेरूनबी काही आना लागत नाही. लग्नात बी मी पांढऱ्यातच आलती या घरात. वरतून पिवळी होती एवढंच."

मला हे इतकं पटलं की हसू आलं.

अंगणात तीन दगड मांडून तिनं रॉकेलचा मोठा डबा चढवला, पाणी ऊन केलं, त्यात सोडाखार टाकला. मी काठीनं ढवळत होते. तिनं लुगडं हळूहळू सोडलं. पहिलं टोक पाण्यात गेलं आणि लाल झालं. मग जसजसं आत जाईल तसतसं लाल होत गेलं, आणि शेवटी सगळा डबा लाल झाला, कुंकवाची परात ओतावी तसा.

आता यात नवल काही नव्हतं. हळदीला खार लागला की ती लाल होते. कुंकू तसंच तर करतात. कालवणाचा डाग साबणाच्या हातानं धुतला की लाल उठतो आणि उन्हात टाकला की जातो, हे कोणत्या बाईला ठाऊक नाही? मला तर मायनंच लहानपणी तळहातावर हळद आणि चुना चोळून दाखवलं होतं, आणि मी दिवसभर लाल हात घेऊन मिरवले होते. पण एवढ्याशा डागाचं लाल होणं निराळं, आणि नऊवारी अख्खं लुगडं डोळ्यांदेखत लाल होऊन वाफेतून वर येणं निराळं.

माय दारात उभी होती. कधीपासून होती कोण जाणे. ती पायरी उतरली, डब्यापाशी आली, आणि तिचे डोळे असे झाले की मी काठी सोडून तिचा दंड धरला.

"कुकू," ती म्हणाली. "सत्यभामे, पाह्य. तुहं कुकू वर आलं. जिता हाय. माहा देवराव जिता हाय!"

तिनं डब्याला हात जोडले. मग ती रडली, मग हसली, मग शेजारच्या दारांकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली की पांढरं करायला गेलं होतं पण कुंकवानं ऐकलं नाही. बाया जमल्या. कोकिळाबाई डब्यात डोकावून म्हणाली, "वा वो बाई! हळदीत खार पडला का लालच होते ते." पण मायला ते ऐकूच गेलं नाही. तिला एवढं ऐकू न येणं मी कधी पाहिलं नव्हतं. तिचे कान मांजरासारखे होते. त्या दिवशी तिनं गूळ घालून भात केला आणि आम्हाला आग्रह करकरून वाढला. दादाच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. आम्ही दोघी खाली मान घालून गोड भात खात राहिलो.

सकाळी वहिनी लाल लुगड्याचा ओला बोळा घेऊन नाल्यावर निघाली. मी मागोमाग.

"तिले सांगून टाक ना एकदाचं," मी म्हणाले.

"काय सांगू? तिले मालूम नाही काय? तुले कोनं शिकवलं?"

"मंग?"

"मंग काय. तिले जे पाह्यजे ते दिसलं." पायाखाली कडुलिंबाचा वाळका फुलोरा चुरचुरत होता. "मले बी तो जिता पाह्यजे, नलू. कुठीबी राहो, कोनासोबतबी राहो, पोटभर जेवो. पन मी आता त्याच्यासाठी बसून नाही राह्यली. मले वाट पाहाचा कंटाळा आला वं."

कंटाळा. एवढा साधा शब्द. माझा भाऊ होता तो; मला खरं तर राग यायला हवा होता आणि आलाही. पण नाल्यापर्यंत पोचेतो तो कुठं जिरला कळलं नाही. कारण दाराबाहेर पाय वाजला की माय जशी चमकायची, तशी मीही आधी चमकायची, आणि मी ते चमकणं केव्हाच सोडून दिलं होतं. मी फक्त कुणाला म्हटलं नव्हतं.

नाल्याला वैशाखात पाणी ते कितीसं असणार. घोट्याएवढं, पण वाहतं. वहिनी मधल्या खडकावर बसली आणि लुगड्याचं एक टोक पाण्यात सोडलं. लाल रंग निघाला आणि धारेला लागला, वाळूवरून, गोट्यांमधून, खाली खाली. मागं कापड पिवळं राहिलं. पुन्हा तेच लग्नातलं पिवळं, जरा फिकं. ती हात हात कापड पुढं सरकवत होती आणि लाल जात होतं. मी पाण्यात पाय सोडून ते पाहत बसले. असं वाटलं की हे असंच दिवसभर चालावं, कुणी हाक मारू नये.

"नको धूऊ!"

माय होती. काठावर, अनवाणी, धापा टाकत. इतक्या वर्षांत मी तिला अंगणापलीकडं पाहिलंच नव्हतं. दार तसंच उघडं टाकून आली होती.

"आत्याबाई, नाही धुतलं तर खार खाईन कापडाले," वहिनी म्हणाली.

"खाऊ दे. ते लाल नको काढू. तुह्या पाया पडते."

"मले नेसाचं हाय ते."

"लालच नेस! त्याच्या नावानं लाल नेस!"

वहिनीनं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग पुन्हा पाण्याकडं पाहिलं आणि पुढचा हातभर भाग सरकवला. माय पाण्यात उतरली. तिनं लुगड्याचं न धुतलेलं, लाल टोक धरलं आणि छातीशी ओढलं. वहिनीनं आपलं सोडलं नाही. मधे ते लुगडं ताणलं गेलं, अर्धं पिवळं, अर्धं लाल, आणि त्याच्या खालून पाणी वाहत होतं. मग मधल्या घडीवर, जिथं ते विरलं होतं, तिथं चर्रकन फाटलं. इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत, कात्रीनं कापावं तसं सरळ.

माय आपला लाल तुकडा घेऊन मटकन वाळूत बसली. वहिनीनं आपला तुकडा शेवटपर्यंत धुतला, पिळला, झटकला, आणि खडकावर पसरला. मग येऊन मायला हात दिला. मायनं तो धरला आणि उठली.

मायनं आपला लाल अर्धा भाग अंगणातल्या कुंपणावर टाकला आणि समोर बसून राहिली. राखणच होती ती. लेकरांना फिरकू देईना, कोंबड्या हाकलत होती. मी दोनदा पाणी नेऊन दिलं. ऊन चढत गेलं. दुपारपर्यंत लाल होतं ते विटकरी झालं. दुपार कलली तेव्हा विटकरीचं मातकट झालं. माय जागची हलली नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर झालं सगळं, तरी कोणत्या क्षणी झालं ते तिला सांगता आलं नसतं. दिवस मावळताना तिनं ते काढायला हात घातला, तर खारानं ताठ झालेलं ते कापड घडीघडीवर तडकलं. तिच्या हातात चिंध्या आल्या.

ती कितीतरी वेळ त्या चिंध्या मांडीवर घेऊन बसली. मी जवळ जाऊन टेकले.

"म्या धुतलं नाही वं, नलू," ती म्हणाली. "पान्याचा थेंब लागू देला नाही. तरी गेलं."

मी तिच्या मांडीवरच्या चिंध्या गोळा केल्या आणि वाकळीच्या बोचक्यात टाकल्या. आमच्या घरात चिंधीसुद्धा फेकायची नसते. शिकवण तिचीच.

तिकडं नाल्यावर वहिनीचा अर्धा भाग रोज उन्हात पडत होता. ती जाई, त्यावर पाणी शिंपडी, उलटवी, पुन्हा शिंपडी. पिवळं रोज थोडं उडायचं. लिंबाच्या सालीचं होतं ते मक्याच्या दाण्याचं झालं, मग सायीचं. पुनव दोनचार दिवसांवर आली तेव्हा ते इतर कापडांमधे ओळखू येईनासं झालं. पण अर्धंच. साडेचार वारात काय नेसणार? नऊवारी लुगड्याच्या निऱ्यासुद्धा धड येत नाहीत तेवढ्यात. वहिनी म्हणाली, मी गुंडाळून घेईन कशीतरी, वरून ओढणीसारखा टॉवेल घेईन. कोकिळाबाई म्हणाली, मग त्यापेक्षा माझ्या खिडकीचा पडदा घे. वहिनी त्यावरही हो म्हणायला तयार होती. तिला जायचंच होतं.

त्या दुपारी माय उठली, पेटी उघडली, आणि दादाचं धोतर काढून वहिनीच्या पुढ्यात ठेवलं.

वहिनी मागं सरकली. "नको, आत्याबाई. ते राहू द्या."

"कायले नको?"

"ते त्याहीचं हाय. मी मागितलं नाही."

"तुह्या मागन्यानं काढलं नाही म्या. तुहं अर्धं लुगडं म्या खाल्लं, त्याचं भरून देऊन राह्यली." आणि मग जरा थांबून, नेहमीच्या तिखट आवाजात, "अर्ध्या लुगड्यात कोनी दीक्षा घेते काय? लोक हासतीन, म्हनतीन सासूनं सुनेले धड नेसालेबी देलं नाही."

वहिनीला हसू फुटलं आणि लगेच ती रडायला लागली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. दादा गेला तेव्हाही नाही. माय तिच्याकडं न पाहता धोतराची घडी मोडत बसली. पेज घातलेलं ते कडक कापड उलगडताना कुरकुरत होतं.

विरलेला भाग काढून दोन धड तुकडे जोडायचे, त्या जोडाला आमच्याकडं दंड म्हणतात. दंड घातलेलं लुगडं नेसणं काही कमीपणाचं नाही, अर्ध्या वस्तीच्या अंगावर तेच असे; कसब एवढंच की दंड निऱ्यांच्या आत लपला पाहिजे. माय म्हणाली, मीच घालते. मी सुईत दोरा ओवून दिला. तिला नीट दिसत नव्हतं, त्यामुळं ती बोटानं काठ चाचपत टाका घालत होती, डोळे बहुतेक मिटलेले, तोंडानं काहीतरी पुटपुटत. मला आधी वाटलं जुन्या सवयीनं देवाचं नाव घेते. जवळ सरकून ऐकलं तर ती दादाला लहानपणी म्हणायची ते अंगाईचं गाणं होतं, अर्धे शब्द विसरलेलं.

"हे बाजू कोठी घेशीन?" तिनं धोतराकडचा भाग उचलून विचारलं. "पदराले का आत?"

वहिनी धोतराच्या काठाकडं पाहत राहिली.

"आत घे," माय स्वतःच म्हणाली. "निरीत. कोनाले दिसाचं नाही."

दंड जरासा वाकडाच आला. वहिनीनं त्याच्यावरून हात फिरवला.

पुनवेच्या पहाटे आम्ही निघालो तेव्हा माय आंघोळ करून दारात उभी. मी म्हटलं, "माय, तू?"

"काहून? मले काय कापड शोधा लागते? माहं तर केव्हाचं तयार हाय." तिनं दार ओढलं, कडी घातली. कुलूप मी शोधायला लागले तर म्हणाली, राहू दे. मग तिनं त्या कडीला एकदा हात लावला आणि आमच्या पुढं चालायला लागली.

चहूकडच्या वाटांनी पांढरी माणसं येत होती. वखरून ठेवलेल्या काळ्या वावरांमधून ओळीच्या ओळी. आमराईमागं पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि ते सगळं वावर पांढरं झालेलं होतं. काळी माती दिसतच नव्हती. इतकी माणसं असून आवाज कमी होता. एकीकडं बाया, एकीकडं बाप्ये. पडद्याची पोलकी, पागोट्याचे सदरे, वाकळीतून निघालेली लुगडी, जवळून पाहिलं तर सगळी ठिगळं ओळखू आली असती, पण त्या उन्हात ती दिसत नव्हती. मी डोळे बारीक केले की माणसं जायची आणि नुसता उजेड उरायचा.

आम्ही बायांमधे जागा करून बसलो. उन्हामुळं मायनं पदर भुवईपर्यंत ओढला होता, हात पदराखाली. शेजारी एक गोल चेहऱ्याची बाई लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. गप्पिष्ट होती. आम्ही मारेगावकडचे, रात्रभर बंडीत होतो, बैल थकला, असं सगळं तिनं न विचारता सांगितलं. मग वहिनीचं कुंकू पाहून म्हणाली, "तुमचेवाले कोठी बसले वो बाई?"

वहिनी सरळ तिच्याकडं पाहून म्हणाली, "मी एकटीच आली."

मी मायकडं पाहिलं नाही. मला भीती वाटली. पण मायनं फक्त वहिनीच्या निऱ्यांवर आलेली धूळ हातानं झटकली.

"बरं केलं," ती बाई म्हणाली, जणू लोक एकटेच येत असतात. मग लेकराला दुसऱ्या मांडीवर घेत, सहज, मायकडं वळून तिनं विचारलं, "अन् बाई, तुमचे मालक?"

मायला हा प्रश्न कुणी विचारला होता कधी? गेली कितीतरी वर्षं तिच्या लुगड्यानंच लोकांना आधी उत्तर दिलेलं असायचं. तिच्याकडं पाहिलं की कळायचं, आणि कळलं की लोक शुभकार्याच्या वाटेतून तिला जरा बाजूला करायचे. आज त्या वावरात सगळ्याच बाया तिच्यासारख्या होत्या, की ती सगळ्यांसारखी झाली होती, आणि त्या मारेगावच्या बाईला काहीच कळलं नव्हतं.

मग पदराखालून मायचा बिनबांगड्यांचा हात बाहेर आला आणि तिनं बाप्यांच्या बाजूला बोट केलं.

"ते काय, तठी," ती म्हणाली. नव्या नवरीसारखं लाजून.

वहिनीनं माझा हात घट्ट धरला. मी मायच्या बोटाच्या रोखानं पाहिलं. शेकडो माणसं बसली होती, पांढरी, उन्हात चेहरे न दिसणारी. खरं सांगते, त्यातला कोणीही माझा बाप असू शकला असता.